घंटीनंतरची दोन वाक्ये

चिकू पिकू लागला की त्याला एक वास सुटतो. गोड म्हणावा तर त्यात ओल्या मातीचा कण असतो, आणि मातीचा म्हणावा तर तळाशी काकवीची आठवण असते. एकट्यादुकट्या फळाला तो पुरता येत नाही. शेदोनशे पेट्या, कोरडा पेंढा, तापलेले पत्रे आणि भर दुपार इतके सारे जमले की तो हवेतून उठतो आणि माणसाच्या अंगावर येऊन बसतो. कैनाडच्या एका वाडीतल्या गोदामापाशी मी तो पहिल्यांदा घेतला, तेव्हा आतून पुरुषांच्या रडण्याचा आवाज येत होता.

पुरुषांना रडताना मी पाहिले नव्हते असे नाही. पण ते एकेकटे, आणि समोर कोणीतरी पांढऱ्या कापडाखाली निजलेले असताना. इथे कोणी मेलेले नव्हते. डहाणूच्या बाजारातून परतताना नवऱ्याला, सुधीरला, सोबत घ्यावे म्हणून मी रिक्षाने आले होते. लग्न होऊन मी नुकतीच तलासरीला आले होते; दर शनिवारी दुपारी तो इथे ‘बैठकी’ला येतो एवढेच मला ठाऊक होते. दार किलकिले झाले, आणि उलट्या पेट्यांवर बसलेली सात-आठ माणसे मला क्षणभर दिसली. मग त्या फटीत एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस उभा राहिला.

“सुधीरला न्यायला आलात काय, बाई? भायेर बसा. अजून दोघं राहिलेत.”

दवाखान्यातला कंपाउंडर नंबर सांगतो त्या सुरात ते बोलले. चेहरा मात्र भिजलेला होता. चिकूच्या सालीवरची तपकिरी भुकटी दिवसभर हाताळून त्यांच्या गालांवर बसली होती, आणि तिच्यातून दोन स्वच्छ ओघळ हनुवटीपर्यंत उतरले होते. त्यांनी ते पुसले नाहीत. पुढे बारा वर्षांत मी त्यांना डोळे पुसताना कधीच पाहिले नाही.

हे याकोब धोडी. आम्हा सर्वांचे याकोबमामा. वाडीचे मुकादम, तलासरीच्या आमच्या चर्चच्या लहानशा मंडळीतले सर्वांत जुने सभासद, आणि चेष्टेचा हमखास विषय. चर्चमधल्या बायका त्यांना ‘गळका नळ’ म्हणत. वाडीच्या शेठाणी त्याहून पुढे जात. “याकोब, पेटीवर वाकून रडू नको,” त्या सांगत, “मुंबईवाला बोलेल, चिकू खारा निघाला.” मामा मान डोलवत आणि म्हणत, “बोलू दे की शेठाणी. खारवलेला चिकू नवीन माल म्हणून खपवू.”

मागच्या महिन्यात ते वापीला, मुलीच्या घरी, वारल्याचे कळले. तेव्हापासून मी त्यांच्याविषयी काहीतरी चांगले, सरळ, निःशंक असे लिहू पाहते आहे. जमत नाही. या माणसाविषयी मी इतकी वर्षे संशयाने विचार केला आहे की संशय वगळला तर तो माझ्या हाती उरतच नाही.

त्या संशयाला कारण होते. मी पाळकाची मुलगी. नगरकडच्या एका गावात माझे वडील दर रविवारी उपदेश करीत, आणि उपदेशाच्या कागदावर, समासात, पेन्सिलीने एखादा थेंब काढून ठेवीत. त्या ओळीपाशी त्यांचा आवाज भरून येई. आठ वर्षांची असताना मी ते थेंब पाहिले. वडील खोटे नव्हते; शोक कुठे व्हावा याची त्यांनी सोय करून ठेवलेली असे, इतकेच. पण तेव्हापासून प्रार्थनेत रडणारा पुरुष दिसला की माझी नजर आधी समास शोधते.

मामांचा समास मला सापडेना, म्हणून मी जास्तच शोधू लागले. या माणसाला यातून काय मिळते? पुरुष आपले दुखणे सहजी कोणाला देत नाहीत. दर शनिवारी आठ माणसांची दुखणी ज्याच्याजवळ जमा होतात, तो मुकादमच कसा काय? तलासरीसारख्या गावात दुसऱ्याचे गुपित ही कोयत्याइतकी कामाची वस्तू आहे.

बैठकीचे नियम सुधीरकडूनच कळले. एकाने बोलायचे. बाकीच्यांनी ऐकायचे, हुंकारसुद्धा द्यायचा नाही. बोलणारा रडला तर त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा नाही. हात ठेवला की माणूस थांबतो, असे मामांचे मत. सल्ला द्यायचा नाही. सर्वांत कडक नियम वचनाचा होता. आम्हा ख्रिस्ती लोकांना एक खोड असते: समोरच्याने दुःख उघडे केले रे केले की आम्ही त्यावर शास्त्रातले वचन ठेवून ते झाकून टाकतो. बैठकीत वचनाला बंदी होती.

“ख्रिस्ती लोकांची बैठक आणि वचन नाही?” मी विचारले.

“आहे ना. शेवटी एक. मामा म्हणतात, आजारी माणसाला आधी खोकू द्यावं.”

आमच्या चर्चच्या कमिटीत डॅनियल नावाचे गृहस्थ होते. आवाज खणखणीत, वचने तोंडपाठ. ते एका शनिवारी बैठकीला गेले. एक मच्छीमार आपल्या भावाशी तुटलेल्या बोलण्याविषयी सांगत होता, आणि त्याचा पहिला हुंदका फुटताच डॅनियल गरजले, “प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा!”

मामा शांतपणे उठले. कोपऱ्यातली एक पेटी त्यांनी डॅनियलच्या पुढ्यात आणून ठेवली. “भाऊ, एवढे कच्चे-पिके वेगळे करा. हात मोकळा राहिला की तोंड चालतं.”

“मी काय मजूर आहे?”

“नाय. मजूर असतात तं गप बसला असतात.”

डॅनियलनी खरोखरच पेटी निवडली, असे सुधीर सांगे, आणि सांगताना त्याला हसू आवरत नसे. डॅनियल मात्र ती पेटी विसरले नाहीत.

माझा संशय पक्का झाला तो रूथमामींच्या दफनाच्या दिवशी. मामींना तीन दिवस ताप आला आणि त्या गेल्या. उठताबसता रडणारा हा माणूस बायकोच्या खड्ड्यापाशी कोरड्या डोळ्यांनी उभा होता. खणणाऱ्यांना सांगत होता, “डावीकडे मुरूम आहे, पहारीनं घ्या.” शवपेटी उतरवताना दोर कोणी कुठे धरावा, ओली माती आधी लोटावी की कोरडी, हेही त्यानेच सांगितले. बायका कुजबुजल्या. माझ्या शेजारची म्हणाली, “नळाला आजच पाणी नाही.” आणि मी मनात म्हटले, सापडला. हे रडणे शनिवारचे आहे, गोदामातले आहे, प्रेक्षकांसाठीचे आहे.

आठवड्याने भेटायला गेले तेव्हा मी ते जवळजवळ बोललेच. “मामा, त्या दिवशी तुम्ही फार धीराचे वाटलात.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. माझ्या शब्दांमागे काय आहे ते त्यांना समजले असावे. “रडायला बसावं लागतं, बाई,” ते म्हणाले. “तो उभं राहायचा दिवस होता.”

उत्तर चांगले होते, आणि नेमके म्हणूनच मला ते पटले नाही. चांगल्या उत्तरांचे मला घरातूनच वावडे होते.

त्यानंतर दोन वर्षांनी सुधीर बदलला. तो बोर्डीकडच्या एका शाळेची बस चालवी. तलासरीच्या बाजूचे पाडे फिरून चाळीस मुले गोळा करायची, सकाळी पोचवायची, दुपारी परत आणायची. त्या पावसाळ्यानंतर तो चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागला. शर्टाची वरची गुंडी लावणे त्याने सोडले. अन्नाचा घास ओठांपाशी नेताना तो खाली वाकू लागला, जणू घासाने वर यायच्या ऐवजी त्यानेच खाली जायचे ठरवले होते. विचारले की म्हणे, “काही नाही.” मला वाटले ताडी. बाप्तिस्म्याच्या आधी त्याला सवय होती. मी तो झोपल्यावर त्याच्या तोंडाचा वास घेत असे. लवंगेचा, पेस्टचा, कधी भुकेचा वास येई. ताडीचा कधी आला नाही, आणि त्यामुळे माझी भीती कमी न होता नाव गमावून बसली.

शेवटी मी मामांकडे गेले. ते गोदामाच्या दारात फळे निवडत होते.

“सुधीर तिथं काय बोलतो?” मी सरळ विचारले. “मी त्याची बायको आहे.”

त्यांनी एक चिकू उचलला आणि सालीवर नखाने बारीक ओरखडा काढला. खाली हिरवा रंग दिसला. “गिऱ्हाईक असंच बघतं, कच्चा का पक्का. पण नख लावलेला चिकू आम्ही पेटीत घालत नाय. ओरखडा पडला तिथनंच तो नासतो.”

“मी नख लावत नाही. मला भीती वाटते.”

“मंग हे त्याला सांगा. मला सांगून काय?” असे म्हणता म्हणता त्यांचे डोळे भरले, आणि भुकटीतून नेहमीचे दोन ओघळ निघाले. मी चिडून परत आले. माझ्या घरातले दुखणे या माणसाला ठाऊक होते, त्यावर त्याचे अश्रूही गळत होते, आणि मला त्यातला एक शब्द मिळत नव्हता.

आता आमच्या चर्चची एक रीत सांगायला हवी. उपासनेच्या शेवटी सामूहिक प्रार्थना होते. सगळे डोळे मिटून एकाच वेळी, मोठ्याने, आपापली प्रार्थना करतात. कोणी मराठीत, कोणी वारलीत, उंबरगावकडचे दोघेतिघे गुजरातीत. पत्र्याखाली तो आवाज दाट होतो, आणि त्या दाटीत प्रत्येक जण एकटा असतो. शेजारचा काय मागतो ते कानावर येत नाही. काही वेळाने पास्टर टेबलावरची पितळी घंटी वाजवतात आणि सारे थांबते.

मामा मात्र घंटीच्या क्षणभर आधीच थांबत. हे माझ्या लक्षात आले होते. एकदा उपासनेनंतरच्या चहाच्या वेळी मी त्यांना कारण विचारले. ते लाजले. “पास्टर घंटीला हात घालायला पुढं वाकतात, तेव्हा त्यांची खुर्ची कुरकुरते. ती वाजली की मी आवरतं घेतो. उगं आपला एकट्याचाच आवाज मागं राहायला नको.”

वाडीत फळ देठावरून सुटल्याचा आवाज चार झाडांपलीकडून ओळखणारे ते कान होते.

त्या रविवारी थंडीला नुकती सुरुवात झाली होती. पुरुष उजवीकडे, आम्ही डावीकडे सतरंजीवर. प्रार्थना चढली. माझे डोळे मिटलेले, पण कान मिटलेले नव्हते. ते पूर्वीही कधी मिटत नसत. खुर्ची कुरकुरली. मी स्पष्ट ऐकली. आणि मामांचा आवाज खाली येण्याऐवजी वर गेला. घंटी वाजली, सारे गप्प झाले, आणि त्या गप्पपणात दोन वाक्ये एकटी उभी राहिली:

“बापा, सुधीरचे हात थरथरतात, त्याला आता गाडीची भीती वाटते. त्याच्या मागं चाळीस पोरं बसतात, बापा.”

समोरच्या रांगेतल्या बाईने, जिच्या दोन मुली त्या बसने जात, मान वळवून आधी सुधीरकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. सुधीर आपल्या गुडघ्यांकडे बघत होता. मामांनी डोळे उघडले, आणि आपण काय केले ते पाहून दचकावे तसे ते दचकले.

सोमवारी सकाळी, कोणी बोलावण्याआधी, सुधीरने स्वतःच शाळेत जाऊन किल्ली ठेवली. चार महिने तो घरी होता. डहाणूच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितले की नसांना काही झालेले नाही. भीती हातात उतरली आहे, हळूहळू जाईल.

आणि मग एका दुपारी वाल सोलताना तो बोलला. मी विचारले नव्हते. पावसाळ्यात एका उतारावर एक मुलगी शेळीमागे धावत रस्त्यात आली. त्याने ब्रेक मारला. बस तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. कोणाला काही झाले नाही. “ती घाबरली पण नाही,” तो म्हणाला. “माझ्याकडे बघून हसली. ते हसणं जात नाही डोळ्यांसमोरून.” तेव्हापासून स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवला की हात त्याचे राहत नसत.

“मला का नाही सांगितलंस?”

त्याने हातातली शेंग सोलून संपवली. “तू लगेच माझ्या भीतीसाठी एखादा चांगलासा शब्द शोधला असतास.”

मीही वाल सोलत राहिले.

त्याच दुपारी मला बाकीचेही कळले. तीन शनिवार मामा त्याला विनवत होते की किल्ली ठेव. नियम त्यांचाच, सल्ला न देण्याचा, आणि तो त्यांनी एकट्या सुधीरसाठी मोडला होता, बैठक संपल्यावर, सायकल धरून उभे असताना. सुधीर म्हणे, परीक्षा होऊ देत, मग बघतो. मामांनी शब्द दिला होता की बैठकीतले बैठकीतच राहील.

चर्चमध्ये मामांनी उभे राहून माफी मागितली. “माझ्या तोंडून गेलं. सुधीरचा शब्द मी राखला नाय.” ते रडले, अर्थातच. डॅनियल बाहेर पायरीवर उभे राहून सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, “रडक्याच्या तोंडाला झाकण नसतं. मी आधीच सांगत होतो.” पुढच्या शनिवारी बैठकीला तिघे आले. त्यानंतर एक. तो मच्छीमार आला नाही. भावाचे बोलणे त्याने कोणापाशी पुरे केले, ते मला ठाऊक नाही. आठ माणसांनी दहा वर्षे त्या पेट्यांवर बसून जे काही उघडे केले होते, ते सारे त्यांनी झाकून घरी नेले.

मामा तरी बसतच राहिले. शनिवारी दुपारी गोदामाचे दार उघडे, आत एकटा माणूस, समोर आठ रिकाम्या पेट्या. वाडीतल्या बायका जाता-येता विचारत, “कोणाची वाट बघता, मामा?” ते म्हणत, “माणसं उशिरा येतात.”

सर्वांत आधी परत गेला तो सुधीर. मी अडवले. “ज्यानं तुझी नोकरी घालवली त्याच्याकडे?”

“चूक झाली माणसाकडून,” सुधीर म्हणाला. “घंटी ऐकू आली नसेल. मुद्दाम केलं असतं तर मी जन्मात त्याचं तोंड बघितलं नसतं. पण चुकलेल्या माणसाला एकटं कसं बसू द्यायचं?”

खुर्ची कुरकुरल्याचे मी त्याला सांगितले नाही. ते शब्द जिभेवर आले आणि मी ते गिळले. पुढची दोन वर्षे ते दोघेच तिथे बसत. काय बोलत ते मी विचारले नाही. पण सुधीर आता घरीही बोलतो. हात पुष्कळ स्थिर झाले आहेत. शाळेने त्याला त्याच बसवर परत घेतले आहे. चालवायला नव्हे; दारात उभे राहून मुलांना चढवायला-उतरवायला. ते काम त्याला आवडते.

मामांचे गुडघे गेले तेव्हा मुलगी त्यांना वापीला न्यायला आली. ती तिकिटाचे पाहायला गेली होती, आणि मामा तलासरीच्या नाक्यावर, हायवेच्या कडेला, एका बॅगेवर बसले होते. दुपारची वेळ होती. ट्रकमागून ट्रक जात होते आणि प्रत्येकाबरोबर धुळीचा एक पडदा उठून बसत होता. मी कॉलेजातल्या नोकरीवरून परतत होते. माझ्या हातातल्या पिशवीतली दोन केळी मी त्यांना दिली. सुधीर निरोप द्यायला सकाळीच येऊन गेल्याचे त्यांनी सांगितले.

“रडला?” मी विचारले.

“तो रडला. मी नाय. मला बसायला जागा नव्हती,” ते हसून म्हणाले, आणि बॅगेवर थोडे सरकून त्यांनी मला जागा करून दिली.

मी बसले. मुलगी समोरून रस्ता ओलांडण्याची वाट पाहत होती. फार वेळ नव्हता. माझ्या मनातल्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे मला नको होती. ते ‘नाही’ म्हणाले असते, तर एका भोळ्या माणसावर मी इतकी वर्षे पाळत ठेवली असे झाले असते. आणि दुसरे उत्तर आले, तर ते मला घरी न्यायचे होते, त्या घरी, जिथे त्यांना माफ करणारा माणूस राहत होता.

“मामा,” मी म्हणाले, “त्या रविवारी घंटीच्या आधी खुर्ची वाजली. तुम्हाला ऐकू आली होती ना?”

त्यांनी केळ्याची साल काढणे थांबवले. माझ्याकडे पाहिले. डोळे कोरडे होते, स्वच्छ होते, आणि प्रथमच मला त्यांत शोधण्यासारखे काही दिसले नाही.

“हो.”